टपावरची राहुटी : कमी खर्चात, घरच्या घरी

गाडीच्या टपावर मिटून न्यायची आणि मुक्कामाला उघडून वर झोपायची राहुटी मी दोनदा केली. पहिल्या खेपेला मी कापडापासून सुरुवात केली. छान खाकी कॅनव्हास नजरेला पडलं, म्हणून आधी तेच घेतलं, शिवूनही आणलं आणि मग त्याच्या मापाच्या फळ्या शोधत बसलो. फळ्या झाल्या तेव्हा कळलं की घडी मिटत नाही. जोर लावून मिटवली तर बिजागरीचे स्क्रू प्लायमधून उपटून आले. दुसऱ्या खेपेला उलट्या टोकाने सुरुवात केली: आधी वजन, मग बिजागरी, मग चौकट आणि कापड अगदी शेवटी. पुढे लिहिलंय ते त्या दुसऱ्या राहुटीबद्दल.

बाजारात तयार मिळणाऱ्या रूफ टेंटला लाखाच्या आसपास मोजावे लागतात. आमची इंदुरात एकोणतीस हजारांच्या आतबाहेर झाली. त्यातले आठेक हजार टपावरचं कॅरिअर आणि शिडी यांचेच. हत्यारं घरात होती: ड्रिल, लोखंड कापायची करवत, पाने आणि शेजारच्यांकडून मागून आणलेली रिवेट गन.

राहुटीची रचना अशी आहे. चार बाय चार फुटांच्या दोन फळ्या, एकीवर एक पुस्तकासारख्या मिटलेल्या. खालची टपावर पक्की. वरची मागच्या बाजूला उलटली की गाडीच्या मागे अधांतरी येते आणि तिच्या टोकाला शिडी टेकते. दोन्ही मिळून चार बाय आठ फुटांचा ओटा होतो. दोघं त्यावर लांबीच्या बाजूने झोपतात. कापड आणि कमानी या दोन फळ्यांच्या मध्येच मिटलेल्या असतात आणि फळी उलटली की ओढल्या जाऊन उभ्या राहतात.

आधी मॅन्युअल, मग वजनकाटा

गाडीच्या मॅन्युअलमध्ये टपावर किती भार चालतो ते किलोत दिलेलं असतं. हा आकडा चालत्या गाडीसाठीचा असतो. लहान गाड्यांना तो बरेचदा पन्नास किलोच्या आसपास असतो, मोठ्यांना थोडा जास्त. यात कॅरिअरचंही वजन धरायचं, हे बहुतेक जण विसरतात. उभ्या गाडीचं छप्पर याच्या काही पट भार सहज पेलतं, म्हणून रात्री वर दोन माणसं झोपली तरी चालतं. पण वळणावर आणि ब्रेक लावताना टपावरचा प्रत्येक किलो पुढे किंवा बाजूला धाव घेतो आणि गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो. तेव्हा मॅन्युअलमधला आकडा हीच लक्ष्मणरेषा. त्यात बसत नसेल तर हा नाद सोडा आणि जमिनीवर राहुटी ठोका, तीही काही वाईट नसते.

आता हिशोब करू. आठ बाय चारचं ९ मिमी प्लाय साधारण १६ किलो भरतं. १२ मिमी घेतलं तर २१ आणि १८ मिमी ३२. सुतार तुम्हाला १८ घ्यायचाच आग्रह करणार, कारण त्याच्या डोळ्यांपुढे स्वयंपाकघराचा ओटा असतो. खाली चौकट असेल तर ९ पुरतं. चौकटीला एकूण साडेचौदा मीटर नळी लागते. २५ बाय ५० मिमीची, २ मिमी जाडीची ॲल्युमिनियमची घेतली तर ११ किलो. त्याच मापाची १६ गेज (साधारण १.६ मिमी जाड) लोखंडी घेतली तर २६. हा पंधरा किलोंचा फरक म्हणजे दोन इंची गादी, कॅनव्हास आणि कमानी यांचं मिळून वजन. म्हणून ॲल्युमिनियमला पैसे जास्त पडले तरी द्या.

आमचं शेवटी असं भरलं: प्लाय १६, चौकट ११, गादी ६, सगळं कापड ७, कमानी ३, बिजागऱ्या आणि नट-बोल्ट ३. एकूण ४६ किलो आणि वर कॅरिअरचे १५. शिडी गाडीच्या आत ठेवतो. प्रत्येक वस्तू घेतली की घरच्या काट्यावर ठेवून वहीत लिहीत गेलो. बायको म्हणाली, एवढी काळजी स्वतःच्या वजनाची केली असतीस तर.

कॅरिअर

आमच्या जुन्या बोलेरोसारख्या गाडीला छपराच्या कडेने पन्हळ असते. तिच्यात क्लॅम्प अडकवून आडवे बार बसवता येतात. ज्या गाडीला कंपनीचे रूफ रेल आहेत तिथे त्यांचेच क्रॉसबार घ्या. रेल म्हणून चिकटवलेली नुसती शोभेची प्लॅस्टिक पट्टी असेल तर तिच्यावर काही बांधू नका, ती पेलणार नाही.

खालच्या फळीखाली निदान दोन आडवे बार यायला हवेत आणि ते एकमेकांपासून जितके लांब ठेवता येतील तितके ठेवा. मागचा बार शक्य तितका छपराच्या मागच्या कडेजवळ घ्या, कारण अधांतरी फळीचा बराच भार तिथे येतो. पुढच्या बारचे क्लॅम्प मात्र उलट्या कारणासाठी घट्ट हवेत: मागे शिडी जरा जरी घसरली की पुढची बाजू वर उचलली जाते. राहुटीची चौकट बारना यू-बोल्टने आवळायची, दोरीने बांधायची नाही.

छपराला भोक पाडायचं नाही, वेल्डिंग करायचं नाही. गळती लागते हे एक कारण. दुसरं कारण कायद्याचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही बाब आणखी कडक केली. आपली राहुटी अर्ध्या तासात पान्याने खाली उतरवता आली पाहिजे, असंच काम करा आणि प्रवास नसेल तेव्हा खरोखर उतरवून ठेवा. मागचे दिवे आणि नंबर प्लेट झाकली जाता कामा नये. विमा कंपनीला एकदा विचारून घेतलेलं बरं.

दुकानात काय मागायचं

इंदुरातल्या मराठी माणसाची एक गंमत असते. घरात बिजागरी, ताडपत्री, मच्छरदाणी. पण सियागंज बाजारात जाऊन बिजागरी मागितली तर दुकानदार तोंडाकडे बघत राहतो. तिथे कब्जा म्हणायचं, तिरपाल म्हणायचं. शिडीला आसपासच्या खेड्यांत नसैनी म्हणतात. आईच्या सांगण्यावरून एकदा मी 'कोयंडा' शोधत तीन दुकानं फिरलो, शेवटी चौथ्यात बोट दाखवून आणला.

नट-बोल्ट आणि फिटिंग सियागंजात, ॲल्युमिनियमची नळी वजनावर विकणाऱ्याकडे आणि प्लाय जिथे ओळख असेल तिथे. प्लायवर शिक्का बघा: आयएस ७१० असेल तर ते मरीन प्लाय, पाण्याला दाद न देणारं. आयएस ३०३ मधलं बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्याला तग धरणारं, तेही चालेल, थोडं स्वस्त पडतं. पण एमआर, म्हणजे नुसत्या दमटपणापुरतं, ते नको; ते दुसऱ्या पावसाळ्यात पापडासारखं सुटतं. कोणतंही घ्या, कापल्यावर कडांना रंगाचे दोन हात द्या. पाणी प्लायमध्ये शिरतं ते कडेतूनच.

चौकट

चार फुटी नळीचे सहा तुकडे एका फळीला: चार कडांचे, दोन मधले आडवे. दुसरीला तसेच सहा. नळी उभी ठेवायची, म्हणजे ५० मिमीची बाजू वरखाली. आडवी ठेवली तर तीच नळी मधोमध झोळीसारखी वाकते. मधल्या आडव्या नळ्यांमुळे प्लायला दर सोळा इंचांवर आधार मिळतो.

ॲल्युमिनियमचं वेल्डिंग करून देणारे पीथमपूरकडच्या वर्कशॉपमध्ये मिळतील, पण पैसे घेतील. आम्ही कोपऱ्यांना आतून एल आकाराच्या जाड पट्ट्या देऊन प्रत्येक सांध्याला चार पॉप रिवेट आणि एक ६ मिमीचा बोल्ट घातला. बोल्ट स्टेनलेसचे घ्या. साधा लोखंडी बोल्ट आणि ॲल्युमिनियम एकत्र ओले झाले की ॲल्युमिनियम पांढरं पडून खाल्लं जातं. जिथे लोखंड टाळता येत नाही तिथे मध्ये नायलॉनचा वायसर घाला. सगळीकडे नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले. साधे नट खंडवा रोडचा घाट उतरेपर्यंत ढिले होतात.

फळ्यांना काटकोन जमला की नाही हे बघायची जुनी रीत: दोन्ही कर्ण मोजा. सारखे आले म्हणजे काटकोन. दोन मिमीचा फरक सोडून द्या, दहाचा सोडू नका, नाहीतर मिटताना एक कोपरा बाहेर डोकावत राहतो.

बिजागरी

इथे थोडं थांबून वाचा, माझी पहिली राहुटी इथेच गेली.

दोन फळ्या कडेला कड लावून वरून लांब पियानो बिजागरी ठोकली की त्या छान मिटतात, अगदी एकमेकींना चिकटून. पण आपल्याला त्यांच्यामध्ये दोन गाद्या, तीन कमानी आणि दहा मीटर कापड मावायला हवं. मधल्या वस्तूंमुळे बिजागरीजवळची बाजू मिटू शकत नाही आणि समोरची कड जबरदस्तीने दाबली की तीच बिजागरीवर तरफ होते. चार फुटांच्या तरफेपुढे अर्ध्या इंचाचे स्क्रू काय टिकणार?

उपाय सोपा आहे. फिरण्याचा आस फळीच्या पातळीवर ठेवायचा नाही, उंचावर न्यायचा. मधे किती जाडी मावायची ते मोजा: गादी दोन आणि दोन इंच, कापड आणि कमानी मिळून तीन. एकूण सात. आस त्याच्या निम्म्यावर हवा, म्हणजे प्लायपासून साडेतीन इंच वर. मिटल्यावर दोन फळ्यांमध्ये बरोबर सात इंचांची जागा उरते.

लांब बिजागरी साडेतीन इंच उचलली तर झोपणाऱ्याच्या कमरेखाली बांध येईल. म्हणून ती सबंध लांबीची घ्यायची नाही. दोन्ही बाजूंना, गादीच्या बाहेर, ६ मिमी जाडीच्या लोखंडी पट्ट्या उभ्या बसवायच्या: एक खालच्या फळीच्या चौकटीला, एक वरच्या. त्या एकमेकींवर येतील तिथे भोक पाडून १० मिमीचा बोल्ट ओवायचा, मधे नायलॉनचा वायसर. पट्टी चौकटीला तीन बोल्टनी आरपार धरायची, स्क्रूने नाही. दोन्ही बाजूंचे बोल्ट एकाच रेषेत यायला हवेत. त्यासाठी भोकं पाडण्याआधी एक सरळ सळई या टोकापासून त्या टोकापर्यंत ओवून बघा.

फळ्या उघडून सरळ झाल्या की चौकटीच्या कडा खाली एकमेकींना भिडतात आणि त्यामुळे बाहेरची फळी लोंबत नाही. ही भिडण्याची जागा स्वच्छ ठेवा. एकदा आमच्या सांध्यात खडा अडकला आणि ओटा पायांकडे वर झाला. रात्रभर डोकं खाली, पाय वर.

ही सगळी जुळणी कापडाशिवाय दहा वेळा उघडून मिटून बघा. मगच पुढे जा.

कमानी

उलट्या यू आकाराच्या तीन कमानी लागतात. १६ मिमीची ॲल्युमिनियमची नळी, बारा फुटी. एका नळीतून एक कमान निघते. घडीचे पलंग आणि खुर्च्या करणाऱ्यांकडे नळी वाकवायचं यंत्र असतं, तिथे तिन्ही वाकवून घ्या. घरी वाकवायची असेल तर आत वाळू ठासून भरा आणि तोंडं बुजवा, नाहीतर नळी वाकायच्या ऐवजी चिमटते.

कमानीची उंची किती? उंच हवी असं सगळ्यांनाच वाटतं. पण मिटताना ती खालच्या फळीवर आडवी पडणार आणि फळी आहे चार फूट, म्हणजे ४८ इंच. आम्ही ४२ धरली. मधली कमान आसाच्या बोल्टलाच अडकवली, बाकीच्या दोन त्याच्या अगदी शेजारी. उभी राहिल्यावर मधे प्लायपासून ४५ इंच मिळतात. मांडी घालून बसता येतं, पत्ते खेळता येतात.

एका मधल्या कमानीवर भागतं का? भागतं, पण टोकापासून दीड फुटावर, जिथे डोकं येतं, तिथे कापड जेमतेम १७ इंचांवर असतं. दोन्ही बाजूंना ४५ अंशांत कलणाऱ्या कमानी दिल्या की त्याच जागी ३३ इंच होतात. दोन नळ्यांचा खर्च, पण झोपेत नाकाला ओलं कापड लागत नाही.

कापड आणि शिवण

आता कापड घ्या. कापडाचे दोन थर हवेत. आतला सुती किंवा पॉलिकॉटन कॅनव्हासचा, ३०० ते ३५० जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम). बाहेरचा पातळ, आतून लेप दिलेला पॉलिस्टरचा, निव्वळ पावसासाठी. आतही प्लॅस्टिकची ताडपत्रीच लावली तर स्वस्तात पडेल, पण झोपलेली दोन माणसं रात्रभरात श्वासातून आणि घामातून अर्धा लिटरहून अधिक पाणी हवेत सोडतात. ते ताडपत्रीला आतून लागून पहाटे तुमच्याच अंगावर ठिबकतं. सुती कापड श्वास घेतं. मालव्यातल्या थंड रात्रींची इतकी तारीफ होते, पण त्याच थंडीने हे दव जमतं. शिवाय निळ्या ताडपत्रीची वाऱ्यात जी फडफड होते, ती ऐकत झोपणं कोणाच्या बापाला जमायचं नाही.

माप असं. छपराचा एकच लांब पट्टा: एका फळीच्या टोकापासून तीन कमानींवरून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण १४० इंच, शिलाई धरून चार मीटर. दोन बाजू: प्रत्येकी ९६ इंच लांब, ४६ इंच उंच, कमानींच्या आकारात कापलेल्या. ६० इंच पन्ह्याचं साडेदहा मीटर कापड पुरतं. मात्र सुती कॅनव्हास आटतं. कापण्याआधी ते गच्चीवर भिजवून वाळवा. आम्ही कापडाला आधी जुन्या चादरींचा साचा करून घेतला, राहुटीवर चढवून टाचण्या लावल्या आणि तोच शिंप्याला नेऊन दिला. शब्दांनी समजावण्यापेक्षा हे पुष्कळ सोपं.

शिंपी म्हणजे नेहमीचा नव्हे. गाडीचे सीट कव्हर किंवा दप्तरं शिवणारा शोधा, त्याच्याकडे जड मशीन असतं. आमच्याने साचा उलटसुलट करून विचारलं, "भिया, इसमें आदमी सोएगा?" हो म्हटल्यावर त्याने शिलाईचे पैसे ठरवण्याआधी दोन चहा सांगितले. त्याला चार गोष्टी बजावून सांगा. दोरा पॉलिस्टरचा, सुती नको, तो कुजतो. छपराची शिवण दुमडून दुहेरी. वरच्या तुकड्याची कड खालच्यावर यायला हवी, कौलं घालतात तशी, म्हणजे पाणी शिवणीत न शिरता वरून ओघळतं. आणि जिथे ताण येतो, कोपऱ्यांना आणि नाड्यांना, तिथे मागे कापडाचा दुहेरी तुकडा.

दार बाहेरच्या फळीच्या टोकाला, उतरत्या पट्ट्यात ठेवा. शिडी तिथेच येते. आठ नंबरची चेन लावा. सस्ती पाच नंबरची पहिल्याच सहलीत दात विचकते. बाजूंना एकेक खिडकी, बाहेरून कापडी झडप, आतून मच्छरदाणी. खिडकी वरच्या बाजूला घ्या आणि झडप बंद केल्यावरही तीन-चार बोटं फट राहील अशी ठेवा. ही फट रात्री बंद करायची नाही.

आतलं कापड कमानींच्या खाली नाड्यांनी टांगायचं आणि बाहेरचं कमानींवरून टाकायचं. मधे आपोआप हवेची जागा राहते आणि दोन्ही थर एकमेकांना चिकटत नाहीत. खालची कड प्लायच्या कडेवरून बाहेर घेऊन चौकटीला पट्टीने आवळा. प्लायच्या वर संपवली तर छपरावरचं पाणी सरळ गादीत येतं.

सगळं बसलं की पाइपने पाणी मारा. पहिल्यांदा शिवणीच्या भोकांतून थेंब येतील, घाबरू नका. कॅनव्हासचे सुती धागे भिजून फुगतात आणि भोकं बुजवतात. पूर्ण वाळवून पुन्हा मारा. दोन-तीनदा असं केल्यावरही जिथे गळेल तिथे मेण घासा.

गादीला चाळीस डेन्सिटीचा दोन इंची फोम, प्रत्येक फळीला वेगळा तुकडा. हलका फोम सकाळपर्यंत बसतो आणि पाठीला प्लाय लागतं.

शिडी

इथे पैसे वाचवू नका. शिडी नुसती चढायला नसते, अर्धी फळी तिच्यावर उभी असते. १५० किलो पेलणारी, दुर्बिणीसारखी मिटणारी ॲल्युमिनियमची घ्या. बोलेरोची उंची १८८० मिमी, त्यावर कॅरिअर आणि चौकट धरून सव्वादोन मीटरच्या आत काम होतं, पण शिडी तिरकी लागते म्हणून अडीच मीटरची बघा. चार फूट उंचीला एक फूट बाहेर, इतकाच उतार. वरचं टोक चौकटीला हुक किंवा बोल्टने अडकलेलं हवं, नुसतं टेकवलेलं नको.

आणि खाली पाट ठेवा, खरोखरचा लाकडी पाट. मालव्याची काळी माती ओली झाली की शिडीचे पाय लोण्यात सुरी जावी तसे आत जातात आणि ओटा हळूहळू मागे कलतो. मुरमाची जागा मिळाली तर उत्तम.

माणसाआधी पाणी

वर झोपण्याआधी पाण्याचे जार चढवा. २० लिटरचा एक म्हणजे २० किलो. आठ जार दोन्ही फळ्यांवर पसरून ठेवले की १६० किलो झाले. तासभर राहू द्या. खालून चौकट, बिजागरीच्या पट्ट्या, क्लॅम्प आणि शिडीचा हुक बघा. कुठे वाकलंय का, कुठे चर्र आवाज येतो का. मग जार उतरवून स्वतः चढा. डोकं नेहमी गाडीच्या बाजूला, पाय शिडीकडे. धडाचं वजन जास्त असतं, ते छपरावर असलेलं बरं.

पहिली रात्र अंगणातच काढा. शेजारी हसतील. आमच्या कॉलनीतल्या दोन आजोबांनी तर सकाळी पोह्यांवर जिरावण भुरभुरत वर येऊन बघू का म्हणून विचारलं होतं.

रस्त्यावर

एक धोका कागदावर लक्षात येत नाही. फळ्यांचा आस मागे आहे, म्हणजे मिटलेल्या राहुटीचं तोंड पुढे, वाऱ्याच्या दिशेला. एबी (आग्रा-मुंबई) रोडवर ऐंशीच्या वेगात हवा त्या फटीत शिरून वरची फळी उचलायला बघते. म्हणून पुढच्या कडेला दोन मजबूत कड्या आणि त्यांना खिट्ट्या, शिवाय आडवे दोन रॅचेट पट्टे, कॅरिअरच्या बारखालून घेतलेले. वरून ताडपत्रीचं कव्हर, त्याची पुढची कड खाली खोचलेली. निघाल्यावर वीस किलोमीटरवर थांबून प्रत्येक बोल्ट हाताने तपासा. नट आणि पट्टीवर नेलपॉलिशची एक रेघ ओढून ठेवली तर ढिला झालेला नट लांबूनच दिसतो. गाडी वाऱ्याला आणि वळणांना वेगळी वागेल, वेग कमी ठेवा. चालत्या गाडीत वर कोणी बसायचं नाही, मुलांनी कितीही हट्ट केला तरी.

जागा निवडताना आधी विचारा. ओळखीचं शेत सगळ्यात चांगलं. मांडू, महेश्वरकडे हॉटेलवाले आवारात गाडी लावू देतात, विचारून बघा. चोरल, महूकडच्या जंगलात परवानगीशिवाय रात्र काढू नका. तिथे बिबटे आहेत आणि वनखात्याचे नियमही आहेत. पावसाळ्यात नदीपात्राजवळ तर अजिबात नाही. वर कुठे पाऊस झाला की कोरड्या दिसणाऱ्या ओढ्याला मिनिटांत लोंढा येतो. पातालपाणीच्या धबधब्यावर २०११ मध्ये अशाच लोंढ्यात माणसं वाहून गेली, ते इंदूरकर विसरलेले नाहीत.

आत शेगडी, सिगडी, मेणबत्ती काही पेटवायचं नाही. कापड पेटतं हे झालंच, पण कोळशाचा धूर न दिसताही जीव घेतो. वळवाच्या दिवसांत विजा कडाडायला लागल्या की खाली उतरून गाडीत काचा लावून बसा. वारा वाढला तर राहुटीची निरुंद बाजू वाऱ्याकडे येईल अशी गाडी फिरवा.

सकाळी मिटवायची घाई करू नका. ऊन लागून कापड कडकडीत वाळू द्या, तोवर चहा करा, खाली, जमिनीवर. पावसात ओलीच मिटवावी लागली तर घरी पोचल्या दिवशीच उघडा. दोन दिवस राहिली की काळे ठिपके पडतात आणि ते मग जात नाहीत. आमच्या छपराच्या डाव्या कोपऱ्यात तसे सात आहेत. ओंकारेश्वरहून रात्री उशिरा आलो होतो, म्हटलं उद्या बघू.